चर्चची शाळा, सरकारचा पैसा

चि. मैत्रेयी,



घराजवळच्या शाळेच्या पाटीवर 'चर्च ऑफ इंग्लंड प्रायमरी स्कूल' असं लिहिलंय म्हणून तुम्ही दोघं अडून बसलात, आणि तिकडे पुण्यात तुझ्या बाबांची, माझ्या दादाची, झोप उडाली आहे: नातवाला, ईशानला, बाटवतील की काय! दादाला आधी एवढं सांग की इंग्लंडातल्या खेड्यात एकुलती एक शाळा असेल, तर ती चर्चची असण्याचीच शक्यता जास्त. अशा शाळा साडेचार हजारांच्या वर आहेत, त्यांत दहा लाखांच्या आसपास मुलं शिकतात, आणि देशातल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथा हिस्सा यांचाच. फी नाही. शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून. त्यामुळे आपल्याकडची कॉन्व्हेंट, तिथली डोनेशनं आणि कडक सिस्टर हे सगळं चित्र डोक्यातून काढून टाक.

चर्चकडे इतक्या शाळा आल्या कशा, ती गोष्ट मद्रासपासून सुरू होते. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला अँग्लिकन पाद्री १७८९ मध्ये मद्रासजवळच्या एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. हाताखालचे शिक्षक काही केल्या ऐकेनात. तेवढ्यात त्याने एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. त्याने पाटी-पेन्सिलीचा खर्च वाचवला आणि मोठ्या मुलांना धाकट्यांचे मास्तर केलं. विलायतेला परतल्यावर १७९७ मध्ये यावर पुस्तिका छापली. पुढे १८११ मध्ये गरिबांच्या मुलांना चर्चच्या तत्त्वांनुसार शिकवण्यासाठी 'नॅशनल सोसायटी' निघाली, तेव्हा तिने उचलली ती हीच 'मद्रास पद्धत'. सरकारला शाळा काढायचं सुचलं १८७० मध्ये. तोवर गावोगाव चर्चच्या शाळा उभ्या राहिल्या होत्या. बेलच्या गावी, सेंट अँड्र्यूजला, 'मद्रास कॉलेज' नावाची शाळा आजही भरते. दादाला हे वाचून बरं वाटेल.

याच वळणाची एक संस्था १८१५ मध्ये मुंबईतही निघाली. पुढे पाच-सात वर्षांत तिच्यातून एतद्देशीय मुलांसाठी वेगळी शाखा फुटली, गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांनी तिला पाठबळ दिलं आणि सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे आपले बापू छत्रे, तिचे नेटिव्ह सेक्रेटरी झाले. १८२८ मध्ये त्यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' आली. एल्फिन्स्टनचं धोरण स्पष्ट होतं: सरकारी मदतीच्या शिक्षणात ख्रिस्ती धर्म आणायचा नाही. म्हणजे मुंबईत धर्म बाजूला ठेवून नीती तेवढी घेतली. विलायतेत ही फारकत झाली नाही, आणि ती करावी का यावर तिथे अजून वाद चालू आहे. तुझ्या घरात चाललेला वाद त्याचाच धाकटा भाऊ.

कायदा तर आपल्या मनाला चांगलाच धक्का देणारा आहे. आपल्या संविधानाचं २८वं कलम सांगतं की पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. इंग्लंडात बरोबर उलट. १९४४ च्या बटलर कायद्यानुसार सरकारी पैशावरच्या प्रत्येक शाळेत रोज सामुदायिक उपासना झालीच पाहिजे, मग ती शाळा चर्चची असो वा नसो. १९८८ च्या कायद्याने त्यात भर घातली की बिगरधर्मी शाळांतली उपासना प्रामुख्याने 'व्यापक अर्थाने ख्रिस्ती' असावी. बऱ्याच शाळा ती उपासना काटेकोरपणे करत नाहीत हे उघड गुपित आहे, पण कायदा कागदावर आजही आहे. आणि १९४४ च्याच कायद्यात आई-वडिलांना हक्क दिलेला आहे: मुलाला उपासनेतून किंवा धर्मशिक्षणाच्या तासातून पूर्ण वा अंशतः बाहेर ठेवता येतं. कारण विचारलं जात नाही. मुख्याध्यापकांना एक पत्र द्यायचं, झालं. म्हणजे दादाच्या भीतीवरचा उतारा पाऊणशे वर्षांहून जुना आहे.

१९४४ मध्येच चर्चच्या शाळांच्या दोन जाती झाल्या, आणि तुला खरोखर शोधायचं आहे ते इथेच. 'व्हॉलंटरी कंट्रोल्ड' शाळेत इमारत चर्चच्या मालकीची, पण प्रवेशाचे नियम स्थानिक कौन्सिल ठरवतं आणि धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रमही त्या भागातल्या बिगरधर्मी शाळांचा असतो तोच. 'व्हॉलंटरी एडेड' शाळेत चर्चने नेमलेल्या गव्हर्नरांचं बहुमत असतं, प्रवेशाचे नियम तेच करतात, आणि त्या बदल्यात इमारतीच्या मोठ्या खर्चाचा १० टक्के वाटा उचलतात. सुरुवातीला तो वाटा निम्मा होता. ज्यांना तो झेपला नाही ते निमूटपणे कंट्रोल्ड झाले. आता कित्येक शाळा अकॅडमी, म्हणजे कौन्सिलच्या अखत्यारीबाहेरच्या, झाल्या आहेत, पण मूळची जात बहुधा टिकून असते.

आता आत काय चालतं ते. सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीआधी पंधरा-वीस मिनिटं सगळी शाळा हॉलमध्ये जमते. कुठलं तरी संथ संगीत चालू असतं, मुलं वर्गावर्गाने येऊन जमिनीवर मांडी घालून बसतात, सर्वांत लहान पुढे. समोर टेबलावर ऋतूप्रमाणे कापड: नाताळाआधीच्या आठवड्यांत जांभळं, वर्षातला बराचसा काळ हिरवं. मेणबत्ती लागते. एखादी गोष्ट, बहुधा वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोनीची नाहीतर हरवलेल्या मेंढराची. मग पडद्यावर शब्द दाखवून हातवाऱ्यांचं गाणं. आणि प्रार्थनेआधी बाई म्हणतात ते वाक्य नीट ऐक, सारी मेख त्यातच आहे: ज्यांना ही प्रार्थना आपली म्हणायची असेल त्यांनी शेवटी आमेन म्हणा, बाकीच्यांनी शांत बसा. हे बाईंचं वैयक्तिक सौजन्य नव्हे. उपासना म्हणजे आमंत्रण, सक्ती नव्हे, असं चर्चचं स्वतःचंच मार्गदर्शन आहे.

डिसेंबरात ईशान हातात संत्रं घेऊन घरी येईल. त्याला लाल फीत गुंडाळलेली, चार काड्यांवर गोळ्या-मनुका टोचलेल्या, वर मेणबत्ती. याला ख्रिस्टिंगल म्हणतात. संत्रं म्हणजे जग, फीत म्हणजे येशूचं रक्त, काड्या म्हणजे चार ऋतू, ज्योत म्हणजे ख्रिस्त. गंमत अशी की प्राचीन वाटणारी ही प्रथा चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आली १९६८ मध्ये, 'चिल्ड्रन्स सोसायटी'च्या जॉन पेन्समने मुलांच्या मदतनिधीसाठी आणली. अर्थ ख्रिस्ती आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला त्यातल्या गोळ्या सोडून काही दिसत नाही, हेही तितकंच खरं. नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ केलं तर डोक्याला बांधायला स्वयंपाकघरातलं फडकं तयार ठेव. अर्ध्या इंग्लंडातले मेंढपाळ त्याच फडक्यावर उभे राहतात.

मूल्यांच्या तक्त्याचं वेगळं आहे. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आदर, क्षमा, कृतज्ञता, चिकाटी असे शब्द रंगवलेले दिसतील, आणि दर महिन्याला किंवा अर्ध्या सत्राला एकाची पाळी. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलीस, परिपाठाला श्रमप्रतिष्ठा ते वक्तशीरपणा ही दहा मूल्यं घोकलीस, म्हणून तुला हे नवं वाटणार नाही. मौज म्हणजे इंग्लंडात या पद्धतीचं नाव झालं ते चर्चच्या शाळेमुळे नाही. ऑक्सफर्डजवळच्या वेस्ट किडलिंग्टन या साध्या सरकारी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक नील हॉक्स यांनी १९९०च्या दशकात २२ मूल्यं घेतली, महिन्याला एक, म्हणजे दोन वर्षांचा फेरा. मुलांनी रोज थोडा वेळ शांत बसायचं, त्या शब्दावर बोलायचं, आणि मुख्य म्हणजे मोठ्यांनी तसं वागायचं. त्याच दशकात ब्रह्माकुमारींच्या पुढाकाराने निघालेला 'लिव्हिंग व्हॅल्यूज' हा कार्यक्रमही जगभर पसरत होता. चर्चच्या शाळांनी ही लाट पकडली, कारण त्यांना ती सोयीची होती. कृतज्ञतेला कोण हिंदू नाही म्हणेल, क्षमेला कोण मुसलमान?

मग २०१४ मध्ये सरकारने आपली यादी पुढे केली. बर्मिंगहॅममधल्या काही शाळांत कट्टर गट शिरकाव करत असल्याचा आरोप गाजला, आणि लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि परस्पर आदर व सहिष्णुता ही 'मूलभूत ब्रिटिश मूल्यं' प्रत्येक शाळेने रुजवलीच पाहिजेत असं फर्मान निघालं. भिंतीवर तक्ते दोन झाले. चर्चलाही मग कळून चुकलं की नुसत्या शब्दांत आपलं वेगळेपण काही उरत नाही. २०१६ मध्ये त्यांनी शिक्षणाचं नवं धोरण मांडलं: शहाणपण, आशा, समाज आणि माणसाची प्रतिष्ठा. सरकारच्या ऑफस्टेड तपासणीखेरीज चर्चच्या शाळांची 'सायॅम्स' ही वेगळी तपासणी होते, तिनेही २०१८ पासून विचारायला सुरुवात केली की तुमची मूल्यं ख्रिस्ती श्रद्धेतून उगवली आहेत का, आणि त्यामुळे शाळेचे निर्णय बदलतात का. यातला दुसरा प्रश्न लाखमोलाचा.

तो प्रश्न कसा पाहायचा? मधल्या सुट्टीत दोघं पोरं भांडली की बघ. चांगल्या शाळेत बाई चिडत नाहीत, चटकन सॉरीही वदवून घेत नाहीत. दोघांना बाजूला घेऊन क्रमाने विचारतात: काय झालं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, कुणाला लागलं, आता काय केलं तर नीट होईल? वाईट शाळेत भिंतीवर 'क्षमा' असते आणि खाली बाकड्यावर एक पोर एकटंच रडत असतं.

माझा खरा आक्षेप मात्र येशूवर नाही, फाटकावर आहे. ज्या एडेड शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त, तिथे गव्हर्नर नियमित चर्चला येणाऱ्यांच्या मुलांना आधी घेऊ शकतात. मग होतं काय, मूल जन्मल्यावर सुशिक्षित आई-बापांना एकाएकी रविवारची भक्ती आठवते. 'गुडघे टेका, फी वाचवा' ही टिंगल इंग्रजांनीच स्वतःवर केलेली आहे. गरिबांसाठी काढलेल्या शाळा चांगल्या मोहल्ल्यात मध्यमवर्गाच्या खासगी शाळा होऊन बसतात, तेही कराच्या पैशावर. हे चर्चच्या आतल्यांनाही बोचतं. ऑक्सफर्डचे बिशप जॉन प्रिचर्ड तेव्हा चर्चच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. २०११ मध्ये त्यांनी सुचवलं की चर्चला जाणाऱ्यांसाठी १० टक्क्यांहून जास्त जागा राखू नयेत. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, शाळांना ते बंधनकारक झालं नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा असं हॉलमध्ये शिकवून शेजारच्याच मुलाला दारातून परत पाठवायचं, याला ढोंग नाही तर काय म्हणायचं?

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्लॅकबर्न, ओल्डहॅम, बर्मिंगहॅम इथल्या काही चर्चच्या शाळांत बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. त्यांच्या आया या शाळा मुद्दाम निवडतात, कारण त्यांच्या मते देव न मानणाऱ्या शाळेपेक्षा देव मानणारी बरी. हिंदू मुलांसाठी सरकारी खर्चाची पहिली शाळा, हॅरोची कृष्णा अवंती, निघाली २००८ मध्ये. तोवर आपल्या पोरांची एक पिढी चर्चच्या शाळांत शिकून, घरी येऊन, निर्धास्तपणे गणपतीची आरती म्हणत मोठी झाली. अशी खूप पोरं पाहिली आहेत मी. बाटलेलं एकही नाही. उलट दिवाळीला वर्गात पणत्या घेऊन येणारी आई शाळेलाच हवी असते, आणि ती येत नाही हीच तक्रार जास्त.

तेव्हा घाल ईशानला, माझं मत घालच. पण आधी तीन कागद वाच: शाळेच्या संकेतस्थळावरचं प्रवेशाचं धोरण, सायॅम्सचा अहवाल आणि ऑफस्टेडचा अहवाल. शाळा एडेड असेल तर चर्चचा पूरक फॉर्म वेगळा असतो, तो थेट शाळेकडे द्यावा लागतो. चर्चला जात नसाल तर उगीच जाऊ नका, अंतराच्या निकषावर जागा मिळते का ते बघा. शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचार की गेल्या वर्षी चर्चला न जाणाऱ्या किती घरांतली मुलं घेतली. त्या उत्तराने तुझा निर्णय होईल.

कौन्सिलच्या फॉर्मवर एकच शाळा लिहून थांबू नकोस, पसंतीचे सगळे रकाने भर. शेवटची तारीख १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलला.

तुझी,
सुलूआत्या