खाडीपलीकडचं बोलणं

शनिवार-रविवारी अलिबागच्या वाटेला जाऊ नये, हे नवी मुंबईकराला सांगावं लागत नाही. पण भाची ईस्टरच्या सुट्टीत आयर्लंडमधल्या गॉलवेहून आली होती. तिच्या नऊ वर्षांच्या लेकाला समुद्र हवा होता, आणि नेरूळच्या खाडीला समुद्र म्हणायला अटलांटिकच्या काठी वाढलेलं ते पोर तयार नव्हतं. म्हणून नागाव. वाळूत घरघरणाऱ्या चारचाकी गाड्या, शेजारच्या खोलीतली पहाटे तीनची गाणी आणि माझं पित्त यांत नागावचे दिवस संपले.

सोमवारी गर्दी ओसरल्यावर मी दोघांना कोर्लईला ओढून नेलं. मला किल्ल्याचं फारसं कौतुक नाही. कुठलाही किल्ला चढताना 'आता परत उतरायचं आहे' एवढंच माझ्या मनात असतं. हा किल्ला मात्र बुटका आणि लांबट आहे. एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, पायथ्याशी दीपगृह. पोर्तुगिजांनी तो १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. पोरानं तटावरून चालून घेतलं, भाचीनं फोटो काढले, मी सावलीत बसले. मला वर काही बघायचं नव्हतंच. मला खालचं गाव ऐकायचं होतं.

कोर्लई म्हटलं की लोकांना पेपरात गाजलेला बंगल्यांचा वाद आठवतो. माझ्या डोक्यात मात्र हे गाव जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाभ्यासकानं घुसवलं होतं. इथल्या ख्रिस्ती वस्तीच्या बोलीवर त्यानं १९९६ साली अख्खं पुस्तक काढलं. ही बोली पोर्तुगीजमधून निघालेली आहे, आणि बोलणारे हजाराच्या आत-बाहेर. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य आपल्यासारखं, क्रियापद शेवटी. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांना तर तिनं वेगळा गटच दिला आहे. ती सगळी 'ऊ'वर संपतात, म्हणजे पाहुणी कोण आणि घरची कोण हे लगेच कळतं. लोक तिला 'नॉ लिंग' म्हणतात, आमची भाषा.

माउंट कार्मेलच्या चर्चमागच्या गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा उन्हानं तिघांचे चेहरे लाल झाले होते. एका पडवीत एक आजी चिंचा फोडत बसल्या होत्या. दारावर झावळ्यांच्या रविवारचा पातीचा क्रूस, अजून हिरवा. पाणी मागितलं. त्यांनी पाण्याबरोबर गूळ दिला, आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं कुठं हिंडताय? बसा, जेवून जा. उपवासाचे दिवस आहेत, मटण मिळणार नाही, मासळी आहे." नको म्हणायला भाचीनं तोंड उघडलं. मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

आजींनी घरात हाक मारली आणि काहीतरी सांगितलं. चाल अगदी रायगडाची, तीच हेलकाव्याची, पण एक शब्द कळेल तर शपथ. आतून सुनेनं उत्तर दिलं मराठीत. ती पालघरकडची, तिला ही बोली समजते पण येत नाही. अंगणात क्रिकेट खेळणारा नातू आला, त्याला आजी त्यांच्या भाषेत रागावल्या, आणि त्यानं "येतो ना गं!" म्हणून बॅट आपटली. आमच्या दोन तासांत असंच चालू होतं. आजीचा चेंडू एका भाषेतून सुटायचा आणि मराठीत परत यायचा, मध्ये कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

जेवण असं: तांदळाची भाकरी, कोकम घातलेलं बांगड्याचं कालवण, कडक तळलेली मांदेली, आणि परसातल्या शेवग्याच्या शेंगा. मांदेली काट्यासकट खायची असते हे गॉलवेच्या पोराला पटेना. आजींनी एक स्वतः चावून दाखवली. मग त्यानं किती खाल्ल्या ते सांगत नाही. नागावच्या हॉटेलात सुरमईच्या एका चपट्या तुकड्याला जे बिल लागलं, ते आठवून मी भाकरीचा आणखी एक चतकोर घेतला.

"तिकडं तुम्ही काय बोलता?" आजींनी पोराला विचारलं.

"इंग्लिश. आणि शाळेत आयरिश शिकतो."

"मग बोल की."

पोरानं ताठ बसून एका दमात म्हटलं, "अन विल क्याद अगम दुल गो जी अन लेहरस?"

भाची हसून लोळायची बाकी. आयर्लंडमध्ये शाळा शिकलेला माणूस बाकी सगळं आयरिश विसरला तरी हे वाक्य विसरत नाही म्हणे: मी संडासला जाऊ का? अर्थ कळल्यावर आजी गंभीरपणे म्हणाल्या, "परसाच्या बाजूला आहे. नळाला पाणी नाही, बादली घेऊन जा."

मग भाची सांगत बसली. त्या देशात आयरिश ही घटनेप्रमाणे १९३७ पासून पहिली राजभाषा. रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत, तिचं वेगळं रेडिओ केंद्र, वेगळी वाहिनी, २००७ पासून युरोपीय संघातही मान. शाळेत सक्ती. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं लिहिलं, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७२ हजारांच्या घरात. गॉलवेच्या पश्चिमेला किनाऱ्यानं अजून आयरिश बोलणारी गावं आहेत. तिथल्या दुकानात ही गेली की गप्पा चाललेल्या असतात, आणि हिला पाहिलं की सगळे इंग्रजीत येतात. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. असंच सौजन्य करत करत भाषा दुकानातून आत स्वयंपाकघरात जाते, असं भाचीचं म्हणणं.

पण तिथं ती मुळात मागे पडली ती सौजन्यानं नव्हे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि त्यांत आयरिश बोलणारा पश्चिमेचा गरीब सर्वांत जास्त. उरलेल्यांनी पोरांना इंग्रजी शिकवलं, कारण पुढं बोटीचं तिकीट काढायचं होतं. शाळेत आयरिश बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवून प्रत्येक शब्दाला खाच पाडायचे. ही काठी कित्येकदा आईबापांच्या संमतीनं लटकलेली असे.

कोर्लईत यातलं काहीच नाही. ना पाटी, ना वाहिनी, ना पाठ्यपुस्तक. पोर्तुगिजांची वसई १७३९ मध्ये पडली, पुढच्या वर्षी चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं. पैसेवाले पोर्तुगीज गोव्याला गेले, आणि गरीब ख्रिस्ती, बहुतेक खालच्या मानलेल्या जातींतले, खाडीच्या या बाजूला राहिले. गेली पावणेतीनशे वर्षं ही बोली टिकली ती कुणी जपली म्हणून का? मी आजींना जवळजवळ असंच विचारलं. शहरातून आलेल्या माणसाचा प्रश्न.

"बोलायला दुसरं होतं कोण?" त्या म्हणाल्या. हिंदूंची आळी वेगळी, मुसलमानांची वेगळी, सोयरीक कुणी करत नाही, पूर्वी पाण्याचा तांब्याही लांबून. पलीकडं रेवदंड्याला जायचं तर होडी. आता पूल झाला. चर्चमध्ये साठच्या दशकापर्यंत पोर्तुगीज पाद्री होता, आता मिस्सा मराठीत. नातू रेवदंड्याच्या इंग्रजी शाळेत जातो. हे सगळं सांगताना त्या चिंचेच्या शिरा ओढत होत्या आणि आवाजात तक्रार कुठेच नव्हती.

मला हे पचायला वेळ लागला. आपण भाषा मेली की हळहळतो. इथं भाषेला जगवलं होतं अस्पृश्यतेच्या भिंतीनं आणि होडीच्या गैरसोयीनं, आणि मारतंय कोण तर पूल, शाळा आणि पालघरची गुणी सून. यातलं काय मागं न्यावं असं मी म्हणणार होते? आयर्लंडचं सरकार शंभर वर्षं पैसा ओतून जे करू शकलं नाही ते इथं बहिष्कारानं फुकटात केलं, हे वाक्य मनात तयार झालं आणि मलाच त्याची शिसारी आली. तरी ते खोटं नाही.

नेरूळमध्ये मी राहते तिथून चालत करावे गाव आहे. आगरी बायकांचं बोलणं पूर्वी भाजीबाजारात कानावर पडायचं, आता त्यांची मुलं आमच्यासारखीच पुणेरी-मुंबईची सरमिसळ बोलतात. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली तेव्हा जमिनीच्या भावाचं भांडण झालं, पुढं गोळीबारही झाला. बोलीसाठी कुणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि भांडणारे तरी का भांडतील, पोटाचा प्रश्न सुटलेला नसताना?

भाची मात्र पेटली होती. रेकॉर्डिंग करा, नातवाला शिकवा, त्याच्या वयाच्या पोरांसाठी एक वर्ग तरी काढा. आजी ऐकून घेत होत्या. मग त्यांनी हात पुसले, आतून एका मुलीचा फोटो असलेला फोन आणला. धाकट्या मुलाची लेक, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिकडं नर्सेस घेतात असं ऐकलंय, खरं का?

खरं होतं. भाची काम करते त्या रुग्णालयात निम्म्या वॉर्डात मल्याळी नर्सेस.

"परीक्षा कुठली द्यायला लागते?"

"इंग्रजीची. आयईएलटीएस."

"ते आयरिश?"

"नाही, ते लागत नाही."

"मग बरं," आजी म्हणाल्या, आणि नातवाला हाक मारली, त्यांच्या भाषेत. या वेळी तो लगेच आला, भाचीचा नंबर मोबाइलमध्ये घ्यायला.