उपनगरांतील पाऊस आणि गाडीतील पिशवी

अंधेरीचा भुयारी मार्ग रेल्वेरुळांखालून पूर्व आणि पश्चिम भागांना जोडतो. जमीन सखल, जवळूनच मोगरा नाला वाहतो. त्यामुळे मुसळधार पावसात येथे पाणी साचते आणि वाहतूक थांबवावी लागते. घाटकोपर-मुलुंडहून बोरिवलीकडे निघालेल्या कुटुंबांना असा खोळंबा नवा नाही.

२६ जुलै २००५ रोजी मात्र खोळंब्याचे संकट झाले. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास त्याच काळात जेमतेम ७३. विहार व पवई तलावांचे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी पात्राबाहेर पसरली. काही माणसे स्वतःच्याच मोटारींत अडकून गुदमरली. पाण्याच्या दाबाने दारे उघडेनात, विजेवर चालणारी कुलपे आणि काचा निकामी झाल्या. त्यानंतर अनेक मुंबईकरांच्या गाडीत छोटी हातोडी आली.

परंतु ती बहुधा डिकीतील अवजारांत पडून असते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवावी, तसा हा प्रकार. टोकदार हातोडी आणि पट्टा कापण्याचे पाते चालकाच्या हाताशीच हवे. घाव समोरच्या काचेवर घालू नये. ती दोन थरांची असल्याने तडकते, पण सहसा कोसळत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारावा. घरातील प्रत्येकाला हातोडीची जागा ठाऊक असावी.

उरलेले सामान एका लहान पिशवीत मावते. विजेरी, भारित पॉवर बँक, प्रथमोपचाराचे साहित्य, रेनकोट, पाण्याची बाटली, खाकऱ्यांचे पाकीट, थोडी सुटी रोकड आणि महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद. मोबाइल बंद पडल्यावर हाच कागद उपयोगी पडतो. त्यावर ११२ आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हे क्रमांक अवश्य असावेत. घरातील वृद्धांची एका दिवसाची औषधे मात्र निघतानाच सोबत घ्यावीत. बंद गाडीच्या उष्णतेत ती खराब होतात. जंपर केबल, हवा भरण्याचा पंप, दोर आणि परावर्तक त्रिकोण यांना डिकी पुरेशी आहे.

दुकानातील मालाची वर्षाकाठी मोजदाद होते, तशी या पिशवीची मृग नक्षत्रापूर्वी व्हावी. विजेरीचे सेल, औषधांची मुदत, जादा चाकातील हवा तपासावी.

पिशवी जवळ आहे म्हणून पाण्यात गाडी घालण्याचे धाडस मात्र करू नये. पाण्यात इंजिन बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न टाळावा. पाणी चढू लागताच, दार उघडत असतानाच, सर्वांनी उतरून उंच जागा गाठावी. गाडीची भरपाई विम्यातून मागता येते. घरी परतणाऱ्या माणसाची भरपाई कोणत्याही खात्यात जमा होत नाही.