परतीची वाट नसलेल्या वस्तू

वापरून फेकायच्या वस्तू घरात आणायच्या नाहीत, असं ठरवून राहायला लागलं की वस्तू सोडणं फारसं जड जात नाही. जड जातं ते त्या वस्तूमुळे टळलेलं काम पुन्हा करणं. कागदी रुमालाऐवजी फडकं वापरलं तर ते धुवावं, वाळवावं, घडी करून जागेवर ठेवावं लागतं. डाळ-तांदूळ सुटे आणायचे तर डबे रिकामे हवेत, कोरडे हवेत आणि दुकानात नेण्याची आठवण हवी. मी काही वर्षं असं घर चालवते आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. या प्रश्नाची चर्चा आपण सवय, शिस्त आणि पर्यावरणप्रेम या शब्दांत करतो, पण गाठ दुसरीकडेच आहे. वापरून झालेली वस्तू परत कोण नेणार, कोण धुणार आणि त्या कामाचे पैसे कोण देणार, हे जिथे ठरलेलं असतं तिथे फेकाफेक आपोआप कमी असते. जिथे ते ठरलेलं नसतं तिथे कितीही निश्चयी माणूस थकतो.

पूर्वीची घरं कमी कचरा करायची हे खरं, पण ती माणसं आपल्यापेक्षा जास्त सुज्ञ होती म्हणून नव्हे. मुंबईत १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षं तिथलं दूध काचेच्या बाटल्यांतून घरोघरी गेलं. केंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची. बाटली घासून जपून ठेवण्यामागे निसर्गाची काळजी असण्याची गरजच नव्हती. तिच्यावाचून दुसऱ्या दिवशीच्या दुधाची पंचाईत झाली असती. रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, कल्हईवाला, गादी पिंजून देणारा पिंजारी ही सगळी पोटापाण्याचे धंदे करणारी माणसं होती, आणि त्यांच्या धंद्यामुळे वस्तूला घराबाहेर पडल्यावरही पुढचा मुक्काम मिळत होता. मग दूध प्लास्टिकच्या पिशवीत आलं. बाटल्या फुटण्याचं नुकसान गेलं, धुण्याचा कारखाना गेला, रिकाम्या बाटल्यांची परतीची वाहतूक गेली. यात गिऱ्हाइकाची सोय झालीच, पण सगळ्यांत मोठी बचत विकणाऱ्याची झाली. त्याने टाकलेला परतीचा भार गेला कुठे, तर आधी आपल्या कचऱ्याच्या बादलीत, मग पालिकेच्या गाडीत आणि शेवटी देवनारला किंवा फुरसुंगीला. देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा मुंबईवर दिवसच्या दिवस धूर राहिला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याचा कचरा आपल्या दारात नको म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली. एखादी वस्तू स्वस्त आणि सोयीची आहे असं आपण म्हणतो, तेव्हा या गावांनी भरलेली किंमत त्या हिशेबात धरलेली नसते.

परतीची सोय असेल तरच वस्तू परत जाते, याचा पुरावा कोणत्याही शहरातल्या नाल्याच्या काठावर पडलेला असतो. काय पडलंय यापेक्षा काय पडलेलं नाही ते पाहावं. तिथे वर्तमानपत्राचा गठ्ठा सापडत नाही, तांब्याची तार सापडत नाही, बिअरची रिकामी बाटली फार वेळ टिकत नाही आणि पाण्याची बाटलीही कुणीतरी उचलून नेतं. मागे उरतात वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, पातळ पिशव्या. टाकणारी माणसं तीच असतात. बाटलीला भंगारात भाव आहे आणि पुडीला नाही, एवढाच फरक. वेफर्सचं पाकीट प्लास्टिक आणि धातूच्या थरांचं बनलेलं असतं, ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून कचरावेचक त्याला हात लावत नाहीत. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. घरोघर जाऊन कचरा घेणाऱ्या या बायका कोणती वस्तू पुन्हा उपयोगात जाणार आणि कोणती नाही, हे ती हातात घेताच सांगतात. दुधाची पिशवी त्यांना चालते, फक्त ती विसळलेली आणि कोरडी हवी. तिच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट आहे. कात्रीने कोपरा पूर्ण कापला की बोटाच्या पेराएवढा त्रिकोणी तुकडा सुटा होतो. तो इतका लहान असतो की वेचला जात नाही आणि ओल्या कचऱ्यातून थेट खतात, मातीत जातो. कोपरा पूर्ण न तोडता कापला तर तो पिशवीबरोबरच परत जातो. मला हा तुकडा महत्त्वाचा वाटतो, कारण वस्तू परत जाईल की नाही हे तिच्या आकारावर आणि रचनेवर किती अवलंबून असतं ते त्यात दिसतं. रचना ठरवणारा माणूस मात्र कचरा वेचायला कधी येत नाही.

आपण बंदीचा मार्गही धरून पाहिला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. गटारं तुंबण्यात पातळ पिशव्यांचा वाटा होता हे दिसल्यावर त्यांच्यावर निर्बंध आले. पुढे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी जाहीर केली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपयांचा दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरायच्या काही प्लास्टिक वस्तू देशभर बंद केल्या. मी बंदीच्या विरोधात नाही, तिने थर्माकोलच्या ताटल्या आणि मखरं बरीच हटवली. पण बंदीने वस्तू बदलते, फेकणं तसंच राहतं. भाजीवाल्याकडे आता जी कापडासारखी दिसणारी पिशवी मिळते ती जवळून पाहावी. तिच्यावर समान अंतरावर बारीक ठिपके दाबलेले असतात, विणीचा उभा-आडवा धागा कुठेच नसतो, आणि थोडी जुनी झाली की कडेने तिचे केसासारखे तंतू सुटू लागतात. ती पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. पळसाच्या पानांना बारीक काड्या टोचून केलेली पत्रावळ उकिरड्यावर टाकली तर कुजून जायची. आज त्याच नावाने मिळणाऱ्या कित्येक पत्रावळींवर पानाचं हिरवं चित्र छापलेलं असतं आणि वर चकाकतो तो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. चहाच्या कागदी कपालाही आतून असंच अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना आढळलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटं राहिलं तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. म्हणजे कागदाच्या भरवशावर आपण जे टाळलं असं समजतो, ते पोटात जातं.

कापडी पिशवीच्या बाबतीतही हाच हिशेब मांडावा लागतो. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं की, हवामानबदलाच्या दृष्टीने नवी सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायची असेल तर ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. हा आकडा पुढे करून अनेकजण म्हणतात की मग प्लास्टिकच बरं. त्या अभ्यासाने नाल्यात, जनावराच्या पोटात गेलेल्या पिशवीचा हिशेब केलेला नव्हता, हे खरं. तरीही आकडा झटकून टाकावा असं मला वाटत नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते, आणि हे विदर्भातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. आठवड्यातून दोनदा बाजाराला जाणारी पिशवी सव्वा वर्षात १३१ वेळा वापरून होते आणि जाड कापडाची पिशवी त्यानंतरही बरीच वर्षं टिकते. जुन्या साडीची किंवा चादरीची शिवली तर त्यासाठी नवा कापूस लागतच नाही. पण प्रत्येक परिषदेत, प्रत्येक दुकानात नवी कापडी पिशवी भेट म्हणून मिळू लागली आणि त्या कपाटात साठत गेल्या, तर कापडही फेकायची वस्तू होऊन बसतं. वस्तू कशाची आहे यापेक्षा ती किती वेळा फिरून येते हे पाहायला हवं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप शुद्धतेचा आहे आणि तो फालतू नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, साठहून अधिक माणसं दगावली आणि त्यानंतर सुटं खाद्यतेल विकण्यावर निर्बंध आले. बंद पाकिटाने ग्राहकाला खरोखरच संरक्षण दिलं आहे. टपरीवरचा काचेचा ग्लास एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात बुचकळून पुढच्या गिऱ्हाइकाला देतात, म्हणून करोनाच्या काळात अनेक टपऱ्यांनी कागदी कप धरले आणि लोकांना ते बरं वाटलं, यात लोकांचं काय चुकलं? पण आजाराचं मूळ ग्लासात नसतं, गढूळ पाण्यात असतं. फेरीवाल्यांच्या पट्ट्यात वाहत्या पाण्याचा एक नळ असला तर ग्लास स्वच्छ धुता येतो. तो नळ देण्याऐवजी आपण प्रत्येक घोटामागे एक कप फेकण्याचा मार्ग निवडला आहे. तेलाचंही तसंच. सीलबंद डबा असावाच, पण तो टिकाऊ असावा आणि भरून घ्यायला परत जावा. सील आणि परतफेड यांच्यात मुळात वैर नाही, सोड्याच्या काचेच्या बाटल्या सीलबंद येत आणि क्रेटमध्ये परत जात.

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि तो बहुतेकदा बोलला जात नाही. फेकायच्या वस्तू सोडल्यावर वाढलेलं काम घरातली बाई करते, किंवा तिच्या वतीने धुण्याभांड्याला येणारी बाई करते. बाळाचे लंगोट, पाळीचं कापड, पाहुण्यांची ताटं, दुधाच्या पिशव्या विसळणं या यादीत पुरुषाच्या वाट्याला येतो तो फार तर पिशवी खिशात ठेवण्याचा भाग. पाळीचं कापड नीट धुवायला पुरेसं पाणी आणि ते उन्हात उघड्यावर वाळवायला संकोच न वाटणारी जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला ती कुठून मिळणार? अशा मुलीला पॅड सोडायला सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. पण दुसऱ्या टोकाला तेच पॅड हाताने वेगळं करणारीही बाईच असते, आणि म्हणून ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी पुण्यात मागणी केली की वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ते उघडावं लागणार नाही. एका बाईचे कष्ट वाचवणारी वस्तू दुसऱ्या बाईला घाणीत हात घालायला लावते. यावर उपाय म्हणून पहिल्या बाईला पुन्हा मोरीपाशी बसवायचं असेल तर त्या पर्यावरणवादात मला रस नाही.

म्हणूनच मी घरापेक्षा वाटणीबद्दल बोलते. घरात हे काम सगळ्यांनी मिळून करायला हवं हा एक भाग झाला. त्याहून मोठा भाग म्हणजे हे काम घराबाहेर, मोबदला देऊन, एकत्र होऊ शकतं. मुंबईचे डबेवाले १८९० पासून तेच करत आले आहेत. करोनाच्या आधी रोज सुमारे दोन लाख डबे दुपारपर्यंत कचेरीत पोचायचे आणि रिकामे होऊन संध्याकाळच्या आत घरी यायचे. त्या डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा असतात: कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर जायचं, आणि परत कुठे यायचं. आज मोबाइलवरून मागवलेलं जेवण घरी आणणारी व्यवस्था त्याच शहरात त्याच अंतरावर फिरते, पण तिचा माणूस रिकाम्या हाताने परत जातो आणि आपल्याकडे प्लास्टिकचे चार डबे, चमचे आणि चटणीच्या पुड्या उरतात. दुचाकी तर दोन्ही दिशांना धावतेच आहे. परतीच्या फेरीत डबा न्यायचा ठरवलं तर तो धुण्याचं काम आणि त्याची मजुरी नव्याने उभी राहील. त्याने ताट थोडं महाग पडेल हे मान्य करायला हवं. आज ते स्वस्त पडतं कारण उरलेला खर्च कचराभूमीशेजारी राहणारे लोक भरतात.

एका घराने काय फरक पडतो, असंही विचारतात. कचऱ्याच्या एकूण वजनात जवळपास नाहीच. त्याचप्रमाणे, एक रुपयाची शाम्पूची पुडी घेणाऱ्या मजूर बाईला मोठी बाटली घेण्याचा उपदेशही निरर्थक आहे. तिच्या हातात त्या दिवशी तेवढेच पैसे असतात आणि सुटा शाम्पू भरून देणारं दुकान तिच्या वस्तीत नाही. पण स्वतः करून पाहिल्याने अडचण नेमकी कुठे आहे ते कळतं, आणि मग मागणी नेमकी करता येते. सोसायटीच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर कागदी ताटल्या आणू नका, एवढं म्हणून भागत नाही. मंडपवाल्याकडून स्टीलची ताटं भाड्याने आणायची, ती घासणाऱ्या माणसांची मजुरी अंदाजपत्रकात आधीच लिहायची आणि पाण्याची सोय बघायची, असं म्हटलं की ते होतं.

सरकारकडेही अशीच नेमकी मागणी करावी लागेल. २०१८ च्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांसाठी एक-दोन रुपयांच्या अनामतीची तरतूद होती, बाटली परत दिली की पैसे परत. दुकानात बाटली दिली आणि रुपया हातात पडला, असं रोजच्या व्यवहारात काही रूढ झालं नाही. ती तरतूद पुन्हा हाती घ्यायला हवी, आणि या वेळी सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून नको, तिला तसाही भाव आहे. सुरुवात वेफर्सच्या पाकिटापासून आणि शाम्पूच्या पुडीपासून व्हावी. परत आलेल्या पुड्यांचे पैसे उत्पादकाने द्यावेत, आणि ते किलोच्या दराने कचरावेचक बाईच्या हातात पडावेत.