झडप गळते, म्हणजे नेमकं काय?

आमच्या आनेकल तालुक्यात हृदयविकार हा विषय कुणाला नवा नाही. होसूर रोडवर बोम्मसंद्रात डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेलं नारायण हृदयालय आहे. पार बंगालहून माणसं तिथे उपचारांसाठी येतात. पण ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द आमच्या घरात आला, तो सासरे मिरजेहून आमच्याकडे राहायला आल्यावर.

आप्पांना जिना चढताना धाप लागे. पायांवर सूज, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. टूडी इकोच्या रिपोर्टात दोन गोष्टी निघाल्या: पंपिंग ३० टक्के आणि मायट्रल झडपेतून मोठी गळती. मिरजेहून दीरांचा फोन आला, “झडप बदलून टाका, वहिनी. नळाचा वायसर बदलतो तशी!” आप्पांचंही तेच म्हणणं. डॉक्टर मात्र म्हणाले, “आधी औषधं.” घरात दोन दिवस वाद चालला.

मग डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. काही जणांची झडपच बिघडलेली असते. आपल्या देशात लहानपणच्या संधिवाताच्या तापामुळे असं पुष्कळांना होतं. अशा वेळी झडप दुरुस्त करणं किंवा बदलणं हाच मुख्य उपाय. आप्पांचं तसं नव्हतं. जुन्या हार्ट अटॅकने त्यांच्या हृदयाचा स्नायू कमजोर झाला आणि डावा कप्पा फुगला. दाराच्या फळ्या धड, पण चौकटच फाकली, म्हणून दार नीट मिटत नाही.

न मिटलेल्या दारातून प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे, फुप्फुसांच्या दिशेने जातं. म्हणून धाप. ही तूट भरून काढताना हृदयावर ताण येतो, ते आणखी फुगतं आणि गळती वाढते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत गळती जितकी मोठी, तितका पुन्हा दवाखान्यात भरती होण्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

मग आधी औषधं का? कारण औषधांनी कप्पा आकसला, तर गळतीही कमी होऊ शकते. काहींना विशेष पेसमेकरचा उपयोग होतो. तरीही गळती मोठीच राहिली, तर छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन झडपेला क्लिप लावता येते.

पण क्लिप सगळ्यांसाठी नाही. २०१८ मध्ये तिच्यावरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिका-कॅनडातल्या ६१४ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांत फक्त औषधांवर असलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के दगावले, क्लिप लावलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के. फ्रान्समधल्या ३०४ रुग्णांत मात्र वर्षभरात असा फायदा दिसला नाही. पहिल्या अभ्यासात औषधं पुरेशी देऊनही गळती मोठी राहिलेलेच रुग्ण निवडले होते, हे या फरकाचं एक कारण मानलं जातं. म्हणजे औषधांचे ते तीन महिने वाया जाणारे नव्हते.

तीन महिन्यांनी पुन्हा इको केला. गळती ‘मोठी’वरून ‘मध्यम’वर आली होती, पंपिंग ३५. ती थांबलेली नाही आणि पुढे क्लिपचा विचार करावाही लागेल. पण आप्पा आता एक मजला न थांबता चढतात. लोणचं-पापड बंद झाल्याची तक्रार रोज असते. सकाळी उठल्यावर ते वजन करतात आणि कालनिर्णयच्या चौकोनात लिहितात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साठतंय असं समजून लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

तुमच्या घरी कुणाच्या रिपोर्टात पंपिंग कमी दिसलं, तर त्या एकाच आकड्यावर थांबू नका. गळती किती आहे, झडप बिघडलीय की हृदय फुगलंय, आणि पुन्हा इको कधी करायचा, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.