दंड आणि दाद

मराठीने ‘दंड’ हा शब्द संस्कृतातून घेतला आणि ‘दाद’ हा फारसीतून. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे बाहू आणि दंड म्हणजे अपराध्याकडून वसूल करावयाची रक्कमही. ‘दाद’चा मूळ अर्थ न्याय; म्हणून दाद मागणे म्हणजे न्याय मागणे. हे दोन शब्द आपल्या भाषेत शतकानुशतके शेजारी नांदत आले आहेत. राज्यकारभारातही ते तसेच शेजारी नांदावेत, एवढीच सामान्य नागरिकाची अपेक्षा असते. दंडाचे दार रस्त्यावर आणि दादेचे दार शंभर कोसांवर, अशी व्यवस्था झाली की कायदा पाळणाऱ्यालाच कायद्याचे भय वाटू लागते. गेल्या काही वर्षांत वाहन चालविणाऱ्या अनेकांना याचा अनुभव आला आहे. आम्हांलाही तो आला आणि त्यातून जे विचार सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथमच सांगावयास हवे की, वाहतुकीच्या नियमांविषयी आमच्या मनात कोणतीही अढी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ साली संमत झाला व १ जुलै १९८९ पासून अमलात आला. पुढे २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा कितीतरी पटींनी वाढल्या. परवान्याविना वाहन चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर गेला आणि मद्यपान करून वाहन चालविणाऱ्याच्या पहिल्या अपराधाचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर. महाराष्ट्राने सुधारित दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केला. त्या वेळी पुष्कळ कुरकुर झाली. आम्ही मात्र तीत सामील झालो नाही. ज्याने तरुण मुलांना पोचविण्यासाठी स्मशानाची वाट अनेकदा तुडविली आहे, त्याला दंडाच्या रकमेचे दुःख फारसे होत नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हा आकडा मनात ठेवूनच पुढील हकिकत वाचावी, अशी विनंती आहे.

कॅमेऱ्याचेही आम्ही स्वागतच केले होते. पूर्वी चौकात पावतीपुस्तक घेतलेला हवालदार आणि गाडीवाला यांच्यात जी घासाघीस चाले, ती दोघांनाही शोभणारी नव्हती. मुंबईत २०१६ साली कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ई-चलन पाठविण्यास प्रारंभ झाला आणि पुढे ही पद्धत राज्यभर पसरली. यंत्राला मामा नसतो, काका नसतो. ओळखपाळख त्याला ठाऊक नसते. भय आणि भीड यांपासून मुक्त असा पहारेकरी आपल्याला लाभला, असे वाटले. परंतु ज्याला भीड नसते त्याला कानही नसतात, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

जुलै २०२४ मधील एका सोमवारी आमच्या मोबाईलवर संदेश आला. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या वाहनाचा चालक व त्याच्या मागे बसलेली व्यक्ती, दोघेही हेल्मेटविना आढळले. सबब एक हजार रुपये भरावेत. आमचे वाहन म्हणजे दहा वर्षांची जुनी चारचाकी मोटार. तीत बसून हेल्मेट घालण्याचा नियम अद्याप तरी निघालेला नाही. ज्या शहराचा उल्लेख होता ते आमच्या गावापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. शिवाय रविवारी त्या वेळी आम्ही मिस्सा अर्पण करीत होतो आणि मोटार मंदिराच्या आवारात चिंचेखाली उभी होती. तीनशे भाविक साक्षीला होते. परंतु यंत्रापुढे साक्षीदार उभा करण्याची सोय नसते.

संदेशासोबतचे छायाचित्र आम्ही उघडून पाहिले. पावसात भिजलेला रस्ता, एक मोटारसायकल, तीवर एक तरुण आणि मागे ओढणी डोक्यावरून घट्ट धरून बसलेली एक मुलगी. क्रमांकाच्या पाटीवर चिखल उडालेला. शेवटचा आकडा तीन की आठ, हे चिखलाने ठरविले होते आणि यंत्राने ते मान्य केले होते.

चूक इतकी उघड होती की ती दुरुस्त होण्यास फार तर एक दिवस लागेल, असे आम्हांस वाटले. ॲपवर तक्रार नोंदविली. नोंदणी प्रमाणपत्र जोडले, मोटारीची चहूबाजूंनी काढलेली छायाचित्रे जोडली. तक्रारीला क्रमांक मिळाला. तीन आठवड्यांनी उत्तर आले : ‘तक्रार नामंजूर.’ कारण दिलेले नव्हते. मग आम्ही तालुक्याच्या वाहतूक चौकीत गेलो. तेथील हवालदार सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, छायाचित्र पाहिले आणि ते हसले. “फादर, ही मोटारसायकल आहे हे लहान पोरही सांगेल. पण चलन आमच्या हद्दीतलं नाही. ज्यांनी केलं त्यांनीच रद्द करायचं. आम्हाला ते खोडता येत नाही.” ज्या कॅमेऱ्याला दोनशे किलोमीटरवरून आमचे नाव सापडले, त्याच व्यवस्थेला तेवढ्याच अंतरावरून आमची कैफियत ऐकू येऊ नये, हे नवल होते.

पुढे लोकअदालतीची नोटीस आली. तीत दंडाच्या रकमेत सवलत मिळण्याची शक्यता सूचित केलेली होती. येथे एक गोष्ट वाचकांनी समजून घेतली पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उभी राहिलेली लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. उभय पक्षांची संमती हा तिचा पाया. तेथे झालेल्या निवाड्यावर अपील करता येत नाही. हजारो कुटुंबांचे तंटे तिने मिटविले आहेत आणि तिच्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु ज्याने काहीच केले नाही, त्याने तडजोड करावयाची ती कशाची? अर्धा दंड भरणे म्हणजे अर्धा अपराध कबूल करणे. आमच्या एका स्नेह्यांनी सुचविले, “भरून टाका आणि मोकळे व्हा.” सल्ला व्यवहाराचा होता. तरीही न केलेल्या गोष्टीची कबुली देण्यास मन घेईना.

अखेर सप्टेंबरात पहाटेची एस. टी. पकडून आम्ही त्या शहरी गेलो. पहिल्या खेपेस संबंधित अधिकारी गणेशोत्सवाच्या बंदोबस्तावर होते. दुसऱ्या खेपेस संगणकाचा संपर्क तुटलेला. तिसऱ्या खेपेस रांगेत उभे राहण्याची संधी लाभली. आमच्या पुढे भाजीचा टेम्पो चालविणारा एक गृहस्थ होता. त्याच्या नावावर सात चलने होती. त्यांतील पाच आपली खरी, दोन कोणाची ते देव जाणे, असे तो सांगत होता. ती दोन रद्द करून घेणार काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “फादर, त्यासाठी आणखी दोन फेऱ्या सांगतात. माझी एक फेरी बुडाली तर हजार-बाराशे बुडतात. त्यापेक्षा सातही भरतो. खोटी दोन स्वस्तात पडतात.” खिडकीपाशी त्याने पैसे मोजले, पावती घडी करून खिशात घातली आणि तो निघून गेला.

त्याच्या त्या वाक्याने आम्ही विचारात पडलो. एक हजार रुपयांच्या दंडापायी आमच्या तीन फेऱ्या, अकरा आठवडे आणि दंडाहून अधिक प्रवासखर्च झाला होता. आमची रोजी बुडत नव्हती, अर्ज लिहिण्याची सवय होती, अंगावरच्या झग्यामुळे कोणी वसकन ओरडतही नव्हते. तरीही ही दशा. ज्याचे पोट चाकावर चालते, त्याला निर्दोष राहणे परवडत नाही. तो गुन्हा मान्य करतो, कारण गुन्हा स्वस्त असतो. आणि त्याने भरलेला प्रत्येक रुपया व्यवस्थेच्या वहीत ‘अपराध सिद्ध’ म्हणून जमा होतो. चूक करणाऱ्या यंत्राला आपण चुकलो हे कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो.

आमचे काम पुढे कसे झाले, हे सांगण्याजोगे आहे. खिडकीमागे एक तरुण महिला पोलीस शिपाई होती. तिने छायाचित्र पडद्यावर मोठे केले, आमच्या मोटारीचे कागद पाहिले आणि शेजारच्या साहेबांना हाक मारली. साहेबांनी मान हलविली. चार मिनिटांत चलन रद्द झाले. अकरा आठवडे जे झाले नाही ते चार मिनिटांत झाले, कारण प्रथमच एका माणसाने डोळे उघडून पाहिले. त्या मुलीचे आम्ही आभार मानले, तेव्हा ती संकोचून म्हणाली, “दिवसाला किती येतात, फादर! बघायला वेळच पुरत नाही.” तिचेही खरेच होते. भर उन्हात चौकात उभे राहणारे, सणासुदीला बंदोबस्तावर जाणारे, त्यातून उरलेल्या वेळात तक्रारी निपटणारे हे लोक आपले शत्रू नव्हेत. दोष आहे तो मोजक्या माणसांवर अमर्याद यंत्र लादणाऱ्या योजनेचा.

नियमच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली भर घालण्यात आली. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक साधनांनी नोंदलेल्या अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठविणे बंधनकारक करण्यात आले आणि अशी देखरेख जेथे असेल तेथे तशी सूचना देणारे फलक लावावयाचे आहेत. म्हणजे दंड करणाऱ्यालाही मर्यादा घातलेली आहे. अशीच मर्यादा दादेच्या बाबतीत हवी. तक्रार फेटाळताना कारण लिहून द्यावे, उघड चूक जवळच्या चौकीतच दुरुस्त व्हावी आणि चलन निघण्यापूर्वी छायाचित्रातील वाहन व नोंदीतील वाहन एकाच जातीचे आहे काय, एवढे तरी कोणी पाहावे. मोटारसायकल आणि मोटार यांतील भेद ओळखावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

वाचकांनीही आपल्यापुरती दक्षता घ्यावी. नोंदणी प्रमाणपत्राशी आपला चालू मोबाईल क्रमांक जोडलेला असावा. चलन आले की रक्कम भरण्यापूर्वी छायाचित्र, स्थळ आणि वेळ ताडून पाहावी. चलनाच्या नावाखाली लुबाडणारे बनावट संदेशही आता येऊ लागले आहेत. म्हणून संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन खात्री करावी. चूक आढळल्यास ती लेखी नोंदवावी आणि पोच जपून ठेवावी. ज्यांना वेळ आहे, लिहिता-वाचता येते, त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याचा, टेम्पोवाल्याचा अर्ज लिहून द्यावा. तास-दीड तासाचे ते काम एखाद्याची दोन दिवसांची रोजी वाचवू शकते.

एक विचार मात्र अजून मनातून जात नाही. ते चलन ज्याच्यासाठी होते, त्या तरुणापर्यंत ते कधी पोचलेच नाही. त्याला कोणी हटकले नाही, कोणी सावध केले नाही. पावसाळी रस्त्यावर, मागे त्या मुलीला बसवून, तो उघड्या डोक्याने आजही फिरत असेल. आमचे हजार रुपये वाचले. परंतु दंडाने ज्यांचे रक्षण व्हावयाचे होते ते दोन जीव तसेच राहिले. चुकीच्या माणसाच्या दारी गेलेला दंड निरपराध्याला तर छळतोच. शिवाय ज्याला सावध करावयाचे त्याला तो तसाच धोक्यात सोडून देतो. त्या तरुणाला कोणीतरी गाठावे आणि दोन हेल्मेटे घ्यावयास लावावे, एवढीच आता इच्छा आहे.