एकटीचा खेळ

डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांना हँडबॉल नवा नाही. डहाणू, तलासरी, पालघर आणि वसई हे तालुके आदिवासी विकास विभागाच्या डहाणू प्रकल्पात येतात आणि विभागाच्या क्रीडास्पर्धांत कबड्डी, खो-खोच्या जोडीने हँडबॉलही असतो. एका बाजूला सात खेळाडू, 40 बाय 20 मीटरचे मैदान आणि चेंडू हातात घेऊन फार तर तीन पावले. मुले वसतिगृहात एकत्र असतात तोवर संघ जमतो. शाळा सुटली की कोणी बोईसरच्या कारखान्यात, कोणी वापीला, कोणी चिकूच्या वाडीत. ते सात जण पुन्हा एका मैदानावर येणे कठीण. सांघिक खेळातली कारकीर्द इथे खुंटते ती बहुधा सोबतीअभावी.

जवळच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने मात्र पल्ला गाठला तो एकटीने खेळायच्या खेळात, धावण्यात. जन्म 1985चा. पाणी आणायचे ते डोंगरवाटेने, आणि धावण्याची सुरुवात अनवाणी. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिला घडवले. बुटांची सवय करून घ्यावी लागली, ती वेगळीच.

2010 हे तिचे वर्ष. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये, म्हणजे मैदानाच्या 25 फेऱ्यांत, तिने 33 मिनिटे 05.28 सेकंदांत कांस्य मिळवले. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधीचे भारताचे ट्रॅकवरचे वैयक्तिक पदक 1958मध्ये मिल्खा सिंग यांचे होते. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती आणखी जवळपास सव्वा मिनिटाने वेगवान धावली: 31 मिनिटे 51.44 सेकंद. सुवर्ण गेले ते केरळच्या प्रीजा श्रीधरनकडे, अवघ्या 0.97 सेकंदाने. पंचवीस फेऱ्यांनंतरचे हे अंतर चुटपुट लावणारे खरे, पण दोन्ही अव्वल जागा भारताच्या होत्या. 5,000 मीटरचे कांस्यही तिने त्याच स्पर्धेत मिळवले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव घरोघरी पोचले. 2012मध्ये अर्जुन पुरस्कार आला.

मॅरेथॉनकडे ती उशिरा वळली. फेब्रुवारी 2016मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत 2 तास 38 मिनिटे 38 सेकंदांत सुवर्ण जिंकून तिने रिओ ऑलिंपिकचे तिकीट मिळवले. ऑगस्टमध्ये रिओला मात्र तिला 2 तास 59 मिनिटे 29 सेकंद लागले आणि ती 120वी आली. तरी ओएनजीसी या तेल कंपनीतली नोकरी तिला धावण्यानेच दिली होती.