मोहोळाचं मन

शरीरं अनेक, पण सगळ्यांत मिळून मन एकच. ही कल्पना मला कॉलेजात असताना आर्थर सी. क्लार्कच्या ‘चाइल्डहूड्स एन्ड’ या १९५३ च्या कादंबरीत भेटली. तिच्यात पृथ्वीवरची मुलं हळूहळू एकमेकांच्या मनात विरघळतात आणि शेवटी एका विराट वैश्विक मनात मिसळून जातात. घरापासून लांब, वसतिगृहात राहणाऱ्या मला तो मोक्षच वाटला. एकटेपणा कायमचा संपणार, याहून काय मागायचं?

पुढे ‘स्टार ट्रेक’मधले बोर्ग पाहिले. १९८९ मध्ये पडद्यावर आलेली ही जमात समोर येईल त्याच्या शरीरात यंत्रं रोवते, त्याचं नाव पुसते आणि त्याला आपल्या सामूहिक मनात ओढून घेते. त्यांच्या तावडीत सापडलेला, मालिकेतला कॅप्टन पिकार्डसारखा खंबीर माणूसही आपल्याच माणसांविरुद्ध उभा राहतो. ती एकरूपता पाहून मी हादरले.

वडिलांची वाचा पक्षाघातानं गेली, तेव्हा मात्र त्यांच्या मनात शिरता यावं असं फार वाटलं. त्याच दिवसांत थिओडोर स्टर्जनची ‘मोअर दॅन ह्यूमन’ वाचली. तीही १९५३ चीच. तिच्यात जगानं टाकून दिलेली काही मुलं मिळून एक नवा जीव बनतात. कुणी हात न लावता वस्तू हलवतं, कुणी क्षणात दुसरीकडे पोचतं, अंथरुणातलं बाळ कुठल्याही प्रश्नाचं उत्तर काढतं. शक्ती अफाट, तरी तो जीव अपुराच राहतो. हिप नावाचा माणूस सदसद्विवेक घेऊन येतो, तेव्हा कुठे तो पुरा होतो. एवढ्या मोठ्या शक्तीला ‘थांब’ म्हणणारं कुणीतरी तिच्या आतच असावं लागतं.

बाबा डाव्या हातानं पाटीवर दोन-चार शब्द लिहायचे. तेवढंच त्यांनी मला द्यायचं ठरवलेलं असायचं. बाकीचं त्यांचं होतं, आणि ते तसंच राहू देण्यातही प्रेम असतं, हे मला तेव्हा उमगलं. क्लार्कची कादंबरी पुन्हा उघडली, तर या वेळी त्या मुलांचे मागे राहिलेले आईबापच दिसत राहिले.

खऱ्या मधमाश्यांच्या मोहोळातही सगळ्यांचं मन एकच नसतं. जीवशास्त्रज्ञ थॉमस सीली यांनी वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास केला. नवी जागा निवडताना राणीमाशी हुकूम सोडत नाही. टेहळणीला गेलेल्या माश्या परत येऊन नाचातून जागेची दिशा आणि अंतर सांगतात. तो नाच पाहून दुसऱ्या माश्या उडतात, जागा स्वतः तपासतात आणि पटली तरच तिच्या बाजूनं नाचतात. मोहोळाचा शहाणपणा अशा स्वतंत्र पारखीतून येतो.

म्हणून समूहमनाची कुठलीही कथा हाती आली, की मी एकच गोष्ट शोधते: इथे कुणाला नकार देता येतो का? तुम्हीही शोधा. आणि आपण ज्या ज्या समूहात मनापासून सामील आहोत, तिथेही हा प्रश्न अधूनमधून विचारत जा.